दोन पॅनेलचा फाइल मॅनेजर: फोल्डरांत फिरणं आणि नेमक्या फाइल निवडणं

पडद्यावर शेजारी शेजारी दोन याद्या, डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरं. जॉन सोका यांच्या नॉर्टन कमांडरने 1986 साली ही मांडणी लोकप्रिय केली आणि आजही तिचं काम तसंच चालतं. फाइल जिथून उचलायची ते एका बाजूला, जिथे ठेवायची ते दुसऱ्या बाजूला, आणि मधली सगळी हालचाल कीबोर्डवरून. विंडोजवर या घराण्यातला सर्वांत मुरलेला प्रोग्राम म्हणजे टोटल कमांडर. स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गिस्लर यांनी तो 1993 मध्ये विंडोज कमांडर या नावाने आणला, 2002 पासून आजचं नाव आहे. तो शेअरवेअर आहे. 30 दिवस वापरून बघता येतो, पुढे परवाना घ्यावा लागतो. फुकट आणि मुक्त स्रोत हवा असेल तर डबल कमांडर आहे. तो विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो आणि त्याच्या बहुतेक कळा टोटल कमांडरसारख्याच आहेत. या लेखात टोटल कमांडर धरून सांगितलं आहे, शेवटी लिनक्सच्या मिडनाइट कमांडरबद्दल थोडं.

फाइलींची नावं, विस्तार आणि नमुने इथे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना जेपीजी, पीडीएफ, आयएमजी वगैरे अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचं.

कर्सर वेगळा, खूण वेगळी

नव्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो, म्हणून हे आधी पक्कं करा. विंडोजच्या नेहमीच्या एक्सप्लोररमध्ये ज्या फाइलवर क्लिक केलं ती निवडली गेली, विषय संपला. दोन पॅनेलच्या मॅनेजरमध्ये दोन गोष्टी असतात. एक कर्सर, म्हणजे यादीत वर-खाली फिरणारी चौकट. दुसरी खूण. खूण केलेल्या फाइलचं नाव मूळ रंगसंगतीत लाल दिसतं. कर्सर कुठेही हलवा, खुणा जागच्या जागी राहतात.

नियम असा: एकही खूण नसेल तर आज्ञा कर्सरखालच्या फाइलवर चालते. एक जरी खूण असेल तर ती फक्त खुणेच्या फाइलींवर चालते, कर्सर कुठे आहे याला काही किंमत नाही.

यातून होणारी दुर्घटना ठरलेली आहे. 900 फाइलींच्या यादीत वर कुठेतरी चुकून दोन फाइलींना खूण झाली. तुम्ही खाली येऊन तिसऱ्याच फाइलवर कर्सर ठेवला आणि एफ8 (फाइल काढून टाकायची कळ) दाबलं. जाणार त्या वरच्या दोन फाइली, ज्या तुम्हाला पडद्यावर दिसतही नाहीत. यावरचा उपाय पॅनेलच्या तळाशी आहे. तिथल्या ओळीत आकडे असतात: खूण केलेल्यांचा आकार, एकूण आकार, किती फाइलींपैकी किती, किती फोल्डरांपैकी किती. खुणांचा आकडा 0 आहे की 2, हे एफ5 (कॉपी), एफ6 (हलवणं) किंवा एफ8 दाबण्याआधी वाचायची सवय लावा. नजर टाकायला एक सेकंद लागतो.

तसंच, एका वेळी एकच पॅनेल चालू असतं. कर्सर ज्यात आहे ते मूळ, दुसरं आपोआप लक्ष्य. टॅब दाबलं की भूमिका बदलतात. डावं कायम मूळ आणि उजवं कायम लक्ष्य असं काही नसतं, आणि हे विसरलं की कॉपी उलट्या दिशेने होते.

फोल्डरांत फिरणं

एंटरने फोल्डर उघडतं, बॅकस्पेसने एक पायरी वर जाता येतं. झिप फाइलवर एंटर दाबलं तर तीही फोल्डरसारखी उघडते, आतली एखादीच फाइल एफ5 ने बाहेर काढता येते. बॅकस्पेसची एक अडचण आहे. खाली कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करायची पट्टी असते, आणि तिच्यात एखादं अक्षर पडलेलं असेल तर बॅकस्पेस ते अक्षर खोडतं, वर नेत नाही. एंटरचंही तसंच. तिथे पडलेला मजकूर आज्ञा म्हणून चालवायला जातो आणि भलताच एरर येतो. असं काही झालं की एस्केप दाबा, कमांड लाइन रिकामी होते. कंट्रोल+पेजअप मात्र कमांड लाइनमध्ये काहीही असलं तरी वरच नेतं, म्हणून अनुभवी लोक तेच वापरतात. कंट्रोल+बॅकस्लॅशने थेट ड्राइव्हच्या मुळाशी जाता येतं.

ड्राइव्ह बदलायला डाव्या पॅनेलसाठी ऑल्ट+एफ1, उजव्यासाठी ऑल्ट+एफ2. यादी उघडली की ड्राइव्हचं अक्षर दाबायचं. आधी टॅब मारून त्या पॅनेलमध्ये जायची गरज नसते.

मागे-पुढे जाण्यासाठी ऑल्ट+डावा बाण आणि ऑल्ट+उजवा बाण, ब्राउझरसारखंच. ऑल्ट+खाली बाण दाबलं की भेट दिलेल्या फोल्डरांची पूर्ण यादी येते. दिवसभर सहा-सात फोल्डरांतच ये-जा असेल तर ही यादी फार कामाची.

पण खरा वेळ वाचतो तो कंट्रोल+डी ने. ही आवडत्या फोल्डरांची यादी. हव्या त्या फोल्डरात उभं राहून कंट्रोल+डी दाबा आणि चालू फोल्डर जोडण्याचा पर्याय निवडा. नाव देताना सुरुवातीला &1, &2 असं लिहिलं तर पुढच्या वेळी कंट्रोल+डी आणि मग नुसता आकडा दाबून तिथे पोचता येतं. यादी दहाच्या आत ठेवा. त्याहून लांब झाली की शोधण्यातच वेळ जातो आणि मूळ फायदा संपतो.

दोन पॅनेलमध्ये ताळमेळ ठेवणाऱ्या कळा इतर कुठल्या मॅनेजरमध्ये सहसा नसतात, आणि त्याच या मांडणीचं बळ आहेत. डाव्या पॅनेलमध्ये एखाद्या फोल्डरवर कर्सर ठेवून कंट्रोल+उजवा बाण दाबला की ते फोल्डर उजवीकडे उघडतं. कर्सर फोल्डरवर नसेल तर डावीकडचं चालू फोल्डरच उजवीकडे दिसतं. उजव्या पॅनेलमध्ये असाल तर बाण डावा. कंट्रोल+यू ने दोन्ही पॅनेलची अदलाबदल होते.

कंट्रोल+टी ने नवा टॅब, कंट्रोल+डब्ल्यू ने बंद, कंट्रोल+वर बाणाने कर्सरखालचं फोल्डर नव्या टॅबमध्ये. बॅकअपचं फोल्डर ज्या टॅबमध्ये आहे त्यावर राइट क्लिक करून तो टॅब लॉक करून ठेवा. लक्ष्य नकळत बदलून भलतीकडे कॉपी होण्याचा धोका त्याने बराच कमी होतो.

लांबलचक यादीत एका नावापर्यंत पोचायला मूळ सेटिंगमध्ये कंट्रोल+ऑल्ट धरून नावाची पहिली अक्षरं दाबायची. नुसती अक्षरं दाबून शोध व्हावा असं वाटत असेल तर कॉन्फिगरेशनमध्ये क्विक सर्चचा पर्याय बदला. ज्यांना कमांड लाइन लागत नाही त्यांनी हा बदल पहिल्याच दिवशी करावा. कंट्रोल+एस हे त्याहून पुढचं. तिथे टाइप कराल ते जुळणाऱ्या फाइलीच यादीत उरतात, बाकी लपतात. आधी तारा टाइप केला की शब्द नावात मधे कुठेही असला तरी सापडतो. संपलं की कंट्रोल+एफ10 ने सगळ्या फाइली परत दिसतात. फाइली गायब झाल्या असं वाटून घाबरलेले बरेच जण खरं तर चालू राहिलेल्या फिल्टरकडे बघत असतात.

हाताने खुणा करणं

इन्सर्ट दाबलं की कर्सरखालच्या फाइलला खूण होते आणि कर्सर एक ओळ खाली सरकतो. म्हणून सलग दहा फाइली म्हणजे इन्सर्ट दहादा. तीच कळ पुन्हा दाबली की खूण निघते. स्पेसनेही खूण होते, पण मूळ सेटिंगमध्ये कर्सर जागेवरच राहतो. स्पेसचा खास उपयोग फोल्डरसाठी: फोल्डरवर स्पेस दाबलं की आतल्या सगळ्या फाइली मोजून त्याचा आकार यादीत दिसतो. डिस्क कशाने भरली हे शोधताना ऑल्ट+शिफ्ट+एंटर दाबा, चालू जागेतल्या सगळ्या फोल्डरांचे आकार एकदम येतात. मग कंट्रोल+एफ6 ने आकारानुसार लावा, सर्वांत जड फोल्डर वर येतं.

शिफ्ट धरून वर-खाली बाण चालवला तर सलग खुणा होतात. माउसने करायचं तर दोन पद्धती आहेत आणि त्या सेटिंगमध्ये ठरतात. विंडोजच्या पद्धतीत कंट्रोल+क्लिक आणि शिफ्ट+क्लिक. जुन्या नॉर्टनच्या पद्धतीत उजव्या बटणाने खूण होते, उजवं बटण दाबून खाली ओढलं की सलग खुणा, आणि नेहमीचा राइट क्लिकचा मेनू हवा असेल तर बटण क्षणभर दाबून धरायचं. शेकडो फोटोंतून निवड करायची असेल तर नॉर्टनची पद्धत जास्त सुटसुटीत. दुसऱ्या हाताने कंट्रोल धरून बसावं लागत नाही आणि एक चुकीचा क्लिक झाला म्हणून आधीची सगळी निवड जात नाही.

नमुन्याने निवडणं

इथून पुढे नंबर पॅड लागतो. नंबर पॅडवरचं अधिक दाबलं की एक छोटी चौकट येते, तिच्यात नमुना लिहायचा. *.पीडीएफ लिहिलं की सगळ्या पीडीएफना खूण. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही. तारा म्हणजे कितीही अक्षरं, प्रश्नचिन्ह म्हणजे एकच. एकाहून अधिक नमुने मधे जागा सोडून लिहिता येतात. नमुन्यातच जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात घाला.

उभी रेघ म्हणजे "यातून हे वगळा". *.पीडीएफ *.जेपीजी | *कॉपी* असं लिहिलं तर पीडीएफ आणि जेपीजी सगळ्या, पण नावात कॉपी असलेल्या सोडून. उभ्या रेघेच्या डावीकडे हवं ते, उजवीकडे नको ते. रोजच्या वापरातल्या चौकटीत एवढी ताकद आहे हे बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं कळत नाही.

नंबर पॅडचं उणे हे उलट काम करतं, नमुन्यात बसणाऱ्यांची खूण काढतं. गुणिलेचं चिन्ह निवड उलटवतं: खूण असलेल्यांची जाते, नसलेल्यांना मिळते. "या पाच सोडून बाकी सगळ्या" हे काम पाचांना खूण करून एकदा गुणिले दाबलं की झालं.

ऑल्ट+नंबर पॅडचं अधिक हे सर्वांत झटपट. कर्सरखालच्या फाइलचा जो विस्तार असेल त्या सगळ्या फाइली निवडल्या जातात, काही टाइप करावं लागत नाही. कंट्रोल+अधिक म्हणजे सगळं, कंट्रोल+उणे म्हणजे सगळ्या खुणा साफ. कुठलंही नवं काम सुरू करण्याआधी कंट्रोल+उणे दाबणं ही चांगली सवय आहे.

एक बाब ध्यानात ठेवा. नुसत्या अधिकने मूळ सेटिंगमध्ये फक्त फाइली निवडल्या जातात, फोल्डर नाही. फोल्डरही हवे असतील तर शिफ्ट+अधिक. बॅकअप घेताना "सगळं निवडलं होतं, तरी आतली फोल्डरं आलीच नाहीत" ही तक्रार बहुधा यामुळेच येते. खालच्या ओळीतला फोल्डरांचा आकडा बघितला असता तर कॉपीआधीच कळलं असतं.

नंबर पॅडचं भागिले फार कमी लोकांना ठाऊक असतं. कॉपी झाली की खुणा निघून जातात. भागिले दाबलं की शेवटच्या कामाआधीची निवड परत येते. त्याच 200 फाइली दोन वेगळ्या डिस्कवर न्यायच्या असतील तर एफ5, मग समोरच्या पॅनेलमध्ये ड्राइव्ह बदलणं, भागिले, पुन्हा एफ5. मूळ पॅनेल मात्र त्याच फोल्डरवर राहायला हवं.

तारीख आणि आकारावरून निवड करायची असेल तर अधिक दाबून आलेल्या चौकटीत डिफाइनचं बटण आहे. त्यातून शोधाची खिडकी उघडते. अमुक दोन तारखांच्या मधल्या, तमुक दिवसांहून जुन्या नसलेल्या, इतक्या एमबीपेक्षा मोठ्या अशा अटी तिथे घालता येतात. अट नाव देऊन जपून ठेवली की पुढच्या वेळी तीच यादीतून निवडायची.

यादीवरून निवड: अल्बमचे 120 फोटो

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे दर हंगामात येणारं काम घ्या. ग्राहकाला जेपीजी दाखवल्या, त्याने अल्बमसाठी 120 फोटोंचे आकडे व्हॉट्सॲपवर पाठवले: 2314, 2320, 0087 असे. आता 3000 फाइलींच्या फोल्डरातून त्याच क्रमांकांच्या रॉ फाइली (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइली) वेगळ्या काढायच्या आहेत. डोळ्याने एकेक शोधत बसलं तर अर्धा दिवस जातो आणि दोन-चार हमखास सुटतात. यादीवरून निवड केली तर दहा मिनिटांत होतं.

1. नवी स्प्रेडशीट उघडा. पहिला स्तंभ आधी टेक्स्ट प्रकारचा करा, मगच त्यात आकडे पेस्ट करा. क्रम उलटा झाला तर 0087 चं 87 होतं आणि ती फाइल कधीच सापडत नाही.

2. आकडे देवनागरी अंकांत आले असतील, म्हणजे २३१४ असे, तर शोधा-आणि-बदला वापरून दहाही अंक बदलून घ्या. माणसाला दोन्ही सारखे वाटतात, पण फाइलच्या नावात अंक इंग्रजी असेल तर देवनागरी अंक जुळत नाही.

3. दुसऱ्या स्तंभात सूत्राने पूर्ण नाव तयार करा: आधी तुमचा कॅमेरा नावाच्या सुरुवातीला देतो ती अक्षरं (कॅनॉनमध्ये सहसा आयएमजी आणि अधोरेघ), मग आकडा, मग टिंब आणि विस्तार. कॅनॉनच्या नव्या कॅमेऱ्यांत रॉचा विस्तार सीआर3 असतो, निकॉनमध्ये एनईएफ, सोनीत एआरडब्ल्यू. ग्राहकाने जेपीजीचीच पूर्ण नावं पाठवली असतील तर फक्त विस्तार बदलला की झालं.

4. दुसरा स्तंभ कॉपी करा. एका ओळीत एकच नाव असायला हवं.

5. टोटल कमांडरमध्ये रॉ फाइलींचं फोल्डर एका पॅनेलमध्ये उघडा. दुसऱ्यात एफ7 ने अल्बमसाठी नवं फोल्डर करून त्यात जा. टॅबने परत रॉच्या पॅनेलमध्ये या आणि कंट्रोल+उणे ने जुन्या खुणा साफ करा.

6. वरच्या मार्क मेनूतून क्लिपबोर्डवरून निवड घेण्याचा पर्याय दाबा. 120 नावं एका झटक्यात लाल होतात.

7. खालच्या ओळीतला आकडा वाचा. तो 120 असेल तरच एफ5.

आकडा 118 आला तर दोन नावं जुळलेली नाहीत. कोणती ते शोधायला मार्क मेनूतूनच निवडलेल्या फाइलींची नावं क्लिपबोर्डवर घ्या, स्प्रेडशीटच्या तिसऱ्या स्तंभात पेस्ट करा आणि दोन्ही स्तंभ क्रमाने लावून शेजारी तपासा. कारणं ठरलेली असतात: नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, शून्याच्या जागी रोमन ओ, एकच आकडा दोनदा पाठवलेला, किंवा कार्डवर त्या क्षणी फक्त जेपीजी घेतलेली असणं.

दोन कॅमेरामन असतील तर आणखी एक पेच येतो. कॅमेऱ्यातला क्रमांक 9999 नंतर पुन्हा 0001 पासून सुरू होतो, आणि दोन वेगळ्या कॅमेऱ्यांत 2314 असू शकतोच. म्हणून ग्राहकाला फोटो दाखवण्याआधीच कंट्रोल+एम ने नावं बदलून घ्या. एकाच्या सगळ्या फाइलींच्या आधी ए_, दुसऱ्याच्या आधी बी_. जेपीजी आणि रॉ दोन्हींना एकाच वेळी खूण करून बदल करा, नाहीतर जोड्या तुटतात आणि पुढे यादीवरून निवड करणं अवघड होऊन बसतं.

हीच पद्धत सातबारा उताऱ्यांच्या पीडीएफना, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या स्कॅनना, बिलांना, कशालाही चालते. यादी कुठूनही येऊ दे, ओळीगणिक एक नाव असलं की पुरे.

अनेक फोल्डरांतून एकत्र निवड

एका फोल्डरातून दुसऱ्यात गेलं की आधीच्या खुणा सुटतात. म्हणून पाच उपफोल्डरांतल्या फाइली एकदम निवडायच्या तर कंट्रोल+बी. चालू फोल्डर आणि त्याखालच्या सगळ्या फोल्डरांतल्या फाइली एकाच सपाट यादीत येतात. तिच्यावर वरचे सगळे नमुने चालतात. पुन्हा कंट्रोल+बी दाबलं की नेहमीची यादी. पूर्ण ड्राइव्हच्या मुळाशी उभं राहून हे करू नका. लाखभर फाइली गोळा होत बसतात, तेव्हा एस्केपने थांबवा.

या सपाट यादीतून एफ5 केलं की सगळ्या फाइली लक्ष्य फोल्डरात एकाच ठिकाणी पडतात, मूळची उपफोल्डरांची रचना येत नाही. सारख्या नावाच्या दोन फाइली आल्या तर ओव्हरराइटची चौकट उघडते. तिथे घाईने सगळ्यांवर लिहा म्हटलं तर पहिली फाइल गेली. अशा वेळी आपोआप नाव बदलण्याचा पर्याय निवडा. रचना जशीच्या तशी हवी असेल तर कंट्रोल+बी वापरूच नका, वरचं फोल्डरच उचला आणि एफ5 च्या चौकटीत फक्त याच प्रकारच्या फाइली या रकान्यात नमुना घाला.

दोन फोल्डरांत फरक काय हे बघायला शिफ्ट+एफ2. समोर नसलेल्या किंवा समोरच्याहून नव्या फाइलींना दोन्ही बाजूंना खुणा होतात. कार्डवरचे फोटो डिस्कवर उतरवल्यावर हे दाबलं आणि कार्डच्या बाजूला एकही खूण आली नाही, तर नावानिशी सगळ्या पोचल्या. आतला मजकूर शाबूत आहे का हे मात्र याने कळत नाही. कार्ड फॉरमॅट करण्याआधी सिंक्रोनाइझची खिडकी उघडून मजकुरावरून तुलना करा. वेळ लागतो, पण लग्न पुन्हा होत नाही.

मराठी नावांच्या फाइली

टोटल कमांडरला देवनागरी नावं व्यवस्थित चालतात, तरी निवडताना काही ठिकाणी अडतं.

पहिली अडचण दिसायला सारखी पण आतून वेगळी अक्षरं. ॲ हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: स्वतंत्र एकच चिन्ह, किंवा अ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं. पडद्यावर दोन्ही सारखीच. पण "ॲक्ट" शोधताना तुमच्या कीबोर्डने एक प्रकार दिला आणि फाइलच्या नावात दुसरा असेल तर ती सापडणार नाही. ऱ्या मधल्या अर्ध्या ऱ चंही असंच होतं, काही साधनं तिथे र आणि नुक्ता असं लिहितात. फिल्टरमधून एखादी फाइल सुटतेय असं वाटलं तर ते अक्षर गाळून नमुना लिहा: *क्ट*.

दुसरी अडचण ताऱ्याची. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना शिफ्ट+8 ने तारा येत नाही, श्र येतो. नंबर पॅडवरचा तारा वापरा, किंवा विंडोज+स्पेसने भाषा बदलून तारा टाइप करून परत या.

तिसरी अडचण लांबीची. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर एका नावाची मर्यादा 255 चिन्हांची आहे. लिनक्सच्या ईएक्सटी4 वर ती 255 बाइटची आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे 3 बाइट घेतं. म्हणजे फक्त 85 चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं मोजलं जातं. "क्षे" एवढंच लिहिलं तरी चार चिन्हं होतात. विंडोजवर नीट असलेलं लांब मराठी नाव लिनक्सच्या सर्व्हरवर कॉपी होताना अडतं ते यामुळे. नाव 60 चिन्हांच्या आत ठेवलं तर कुठेच त्रास होत नाही.

एफ5 आणि एफ8 च्या आधी

एफ5 दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत किती फाइली आणि कुठे हे लिहिलेलं असतं. एंटर मारण्याआधी ती ओळ वाचा. मोठी कॉपी एकामागून एक लावायची असेल तर त्याच चौकटीत एफ2 दाबून रांगेत टाका. एकाच हार्ड डिस्कवर चार कॉपी एकदम चालवल्या तर चारही रखडतात. पेन ड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर जाणारच नाही, आधीच एक्सफॅट करून घ्या.

एफ8 ने फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, पण पेन ड्राइव्ह आणि नेटवर्कवरच्या फाइलींना रिसायकल बिन नसतं. तिथली फाइल थेट जाते. मोठ्या निवडीवर एफ8 दाबायचं असेल तर आधी एफ6 ने त्या फाइली "काढायच्या" अशा नावाच्या फोल्डरात हलवा, आठवडाभर काही अडलं नाही तर मग ते फोल्डर उडवा.

लॅपटॉपवर

नंबर पॅड नसलेल्या लॅपटॉपवर वरच्या सगळ्या अधिक-उणेच्या आज्ञा मार्क मेनूत मिळतात. रोज लागणाऱ्यांसाठी कॉन्फिगरेशनमध्ये मिस या पानावर कळा बदलायची सोय आहे. निवड वाढवणं, कमी करणं आणि उलटवणं या तिघांना सोयीच्या कळा देऊन टाका. इन्सर्ट नसेल तर स्पेस वापरा आणि स्पेसनंतर कर्सर खाली सरकण्याचा पर्याय चालू करा. फक्त कमांड लाइनमध्ये अक्षरं असताना स्पेस खूण करत नाही, तिथे मोकळी जागाच टाइप होते. एफ5 दाबल्यावर कीबोर्डचा दिवा किंवा आवाज बदलत असेल तर एफएन लॉक चालू करा. बऱ्याच लॅपटॉपवर तो एफएन+एस्केपने होतो.

लिनक्सवर मिडनाइट कमांडर

मिगेल दे इकाझा यांनी 1994 मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम टर्मिनलमध्येच चालतो, त्यामुळे दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (दुसऱ्या संगणकाचं टर्मिनल नेटवर्कवरून वापरायची सोय) गेलात तरी वापरता येतो. टॅब, इन्सर्ट, एफ5, एफ6, एफ8 तेच. इन्सर्ट चालत नसेल तर कंट्रोल+टी ने खूण करा. अधिकने नमुन्यानुसार निवड, उणे किंवा बॅकस्लॅशने खुणा काढणं, ताऱ्याने उलटवणं, आणि इथे नंबर पॅडची अट नाही, फक्त कमांड लाइन रिकामी हवी. आवडत्या फोल्डरांची यादी कंट्रोल+बॅकस्लॅशवर आहे, म्हणजे टोटल कमांडरच्या सवयीने मुळाशी जायला ती कळ दाबली तर इथे यादी उघडेल. लपलेल्या फाइली दाखवायला ऑल्ट+टिंब, फोल्डरचा आकार मोजायला कंट्रोल+स्पेस, आणि पॅनेल बाजूला सारून मागचं टर्मिनल बघायला कंट्रोल+ओ. काही टर्मिनल प्रोग्राम एफ10 स्वतःच्या मेनूसाठी पळवतात आणि मग बाहेर पडता येत नाही. अशा वेळी एस्केप आणि पाठोपाठ 0 दाबा. इतर एफ कळांसाठीही तेच: एस्केप, मग त्या कळेचा आकडा.